आज्ञा कोणाची? पंडिता रमाबाई व केडगांवचें मुक्तिसदन

अर्जाच्या शेवटीं 'आपला आज्ञाधारक' असें लिहिण्याची रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे कीं, तें लिहितांना आज्ञेचा किंवा ती धारण करण्याचा विचार कोणाच्या मनाला शिवत असेल असें आम्हांस वाटत नाहीं. शब्द झिजला म्हणजे कल्पनाही झिजते. ख्रिस्ती धर्मानें मात्र ही कल्पना झिजूं दिलेली नाहीं. एदेन बागेंतील पहिलें पाप हें चोरी नव्हे, हिंसा नव्हे, तर आज्ञाभंग होय. अब्राहामाची थोरवी तो पोटचा मुलगा वेदीवर ठेवण्यास निघाला यांत आहे. शौल राजाची गोष्ट तर आम्हांस याहूनही बोलकी वाटते. त्यानें आज्ञा मोडली नाहीं, बहुतेक पाळली. फक्त लुटींतील चांगलीं मेंढरें देवाला यज्ञ करण्याच्या निमित्तानें मागें ठेविलीं. तेवढ्यावरून शमुवेलानें त्याचें राज्य गेल्याचें त्यास तोंडावर सांगितलें. पाऊण आज्ञा पाळणें म्हणजे ती न पाळणेंच, असा या कथेचा रोख आहे.

मिल्टनचें महाकाव्य वर्गांत शिकवितांना आम्हांस हा विषय दरसाल काढावा लागतो, आणि दरसाल एखादा चलाख विद्यार्थी उठून विचारतो कीं, देवाची आज्ञा पुरी पाळावी हें खरें, पण अमुक आज्ञा देवाची आहे हें ठरवावयाचें कोणी? पुष्कळ वर्षें आम्ही या प्रश्नास पुस्तकी उत्तर देत आलों. अलीकडे मात्र आम्ही विद्यार्थ्यांस पुणें जिल्ह्याच्याच इतिहासाकडे बोट दाखवितों. कारण या प्रश्नापायीं एका बाईनें आपलें सारें आयुष्य खर्चीं घातलें, आणि तिच्या आयुष्याचीं शेवटचीं पंचवीस वर्षें पुण्याहून दौंडाकडे जाणाऱ्या आगगाडीच्या रस्त्यावर, केडगांवीं, गेलीं.

केडगांवास आम्ही प्रथम गेलों ते शिरूरच्या बाजूनें. आणि तें एका अर्थीं बरेंच झालें. घोडनदीकांठचें शिरूर हें जुनें छावणीचें गांव. तेथें अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें होतें; विन्सर नांवाच्या मिशनऱ्यानें तेथें पुष्कळ वर्षें उद्योगशाळा चालविली. मिशनचें मूळ मंडळ समुद्रापलीकडे बॉस्टन शहरीं. नेमणुका, पैसा, शाळा उघडणें वा मिटणें, या गोष्टी ठरावानें व्हावयाच्या, आणि ठराव पत्रानें यावयाचे. देवाची आज्ञा कमिटीमार्फत येते याचें कोणास हंसूं येईल. पण ठरावानें चालणाऱ्या संस्था माणसांच्या लहरीपासून पुष्कळ वांचतात हें आम्ही महाविद्यालयांत आयुष्य घालविलेल्या लोकांनीं तरी विसरूं नये. याच मिशनचे चाकर असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना शेवटीं ही वाट अपुरी वाटली. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनें १९१७ सालीं मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला. धनी एकच असावा, आणि त्याच्या व आपल्या मध्यें पगारपत्रक नसावें, असा त्यांचा आग्रह होता. परंतु १९१९ सालीं ते वारले, आणि त्या दरबाराची खरी कसोटी लागण्यास अवधिच मिळाला नाहीं. केडगांवास ती लागली.

शिरूरहून न्हावऱ्यावरून दक्षिणेस निघालें म्हणजे भीमा ओलांडून केडगांवच्या चौफुल्यास येतां येतें. आज हा उसाचा मुलूख झाला आहे. रमाबाई येथें आल्या तेव्हां तालुक्याचें नांव भीमथडी होतें, आणि पाऊस न पडण्याविषयींच हा भाग प्रसिद्ध होता. अशा रानांत एका विदुषीनें येऊन विहिरी खणाव्या, हें समजण्यास पूर्ववृत्ताकडे वळलें पाहिजे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे शास्त्री. त्यांनीं पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविलें. स्त्रियेस देववाणी शिकविणें हा आज्ञाभंग आहे असा गवगवा झाला, तेव्हां उडुपीस पंडितांच्या सभेपुढें उभें राहून त्यांनीं आपल्या कृत्यास शास्त्राधार दाखविले. म्हणजे देवाची आज्ञा एक आणि तिच्या रखवालदारांची समजूत दुसरी, हा भेद रमाबाईंच्या घरींच झालेला होता. तो त्यांनीं विलायतेहून आणला नाहीं. पुढें हें कुटुंब वर्षानुवर्षें तीर्थें करीत, पुराणें सांगत हिंडलें. जवळचें द्रव्य दानधर्मांत गेलें. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळाचा फेरा आला, तेव्हां या मंडळींनीं शास्त्रांत सांगितलेलें कांहीं करावयाचें ठेविलें नव्हतें: व्रतें झालीं, उपास झाले, मूर्तींपुढें धरणीं झालीं. वडील गेले, मागोमाग आई गेली, थोरली बहीण गेली. आणि तीं बव्हंशीं उपासमारीनें गेलीं. मरणापूर्वीं अनंतशास्त्र्यांनीं धाकट्या मुलीस जवळ घेऊन सांगितलें कीं, तुला मी देवाच्या हातीं दिलें आहे, तूं त्याचीच हो आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. ही हकीकत रमाबाईंनीं पुढें १९०७ सालीं इंग्रजींत लिहिलेल्या आत्मनिवेदनांत दिली आहे. त्यावेळीं त्या ख्रिस्ती होऊन चोवीस वर्षें झालीं होतीं. तरीही आपल्या आज्ञापालनाचा उगम त्यांनीं एका वैष्णव ब्राह्मणाच्या अखेरच्या शब्दांत दाखविला, हें आम्हांस अत्यंत अर्थपूर्ण वाटतें. त्यांचे हिंदु टीकाकार आणि त्यांचे ख्रिस्ती चरित्रकार या दोघांनींही या गोष्टीस द्यावें तितकें महत्त्व दिलेलें नाहीं.

१८७८ सालीं त्या भावासह कलकत्त्यास पोंचल्या. तेथील पंडितांनीं 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. भाऊ श्रीनिवासशास्त्री वारले. बिपिनबिहारी मेधावी या कायस्थ वकिलाशीं १८८० सालीं विवाह झाला, आणि १८८२ च्या आरंभीं वैधव्य आलें. कन्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिली. आणि १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या. हा भाग सर्वश्रुत आहे. आम्हांस जें सांगावयाचें तें यापुढचें.

१८८३ च्या सप्टेंबरांत वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठांत मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्या मठांतील सिस्टर जेराल्डिन ही रमाबाईंची धर्ममाता. मनोरमेच्या नात्यानें रमाबाई तिला पत्रांत 'आजीबाई' म्हणत; आणि याच आजीबाईशीं त्यांचें जन्मांतलें सर्वांत कडाक्याचें भांडण झालें. विषय आज्ञापालन! मठवासी स्त्रीच्या दृष्टीनें चर्चच्या अधिकाऱ्यांची आज्ञा हीच देवाची आज्ञा. नवशिक्या ख्रिस्ती बाईनें प्रथम ऐकावयास शिकावें. चेल्टनहॅमच्या स्त्रीविद्यालयांत रमाबाई शिकत व संस्कृत शिकवीत. तेथें त्यांनीं तरुण पुरुषांस शिकवावें कीं काय असा प्रश्न निघाला, आणि हिंदुस्थानांतील दोन बिशपांनीं प्रतिकूल मत कळविलें. रमाबाई संतापल्या. मी हिंदुस्थानांत पुरुषांच्या भरसभेंत व्याख्यानें दिलीं आहेत, मजविषयीं हा निवाडा करणारे हे कोण? मग एकामागून एक गोष्टी निघाल्या. गळ्यांतील क्रुसावरील अक्षरें लॅटिनच कां, संस्कृत कां नकोत? मांस न खाणें हा अहंकार कसा? त्रैक्याचें मत वचनावरून पटेना, तर तें धर्मगुरु सांगतो एवढ्यावरून कसें मानावें?

१८८५ च्या मे महिन्यांतील त्यांचें पत्र आमच्या मतें एकोणिसाव्या शतकांतील मराठी माणसाच्या हातून उतरलेल्या अत्यंत तेजस्वी पत्रांपैकीं एक होय. त्यांतील म्हणणें थोडक्यांत असें: हिंदुस्थानच्या पुरोहितवर्गाचें जूं मीं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें आहे, तें कांहीं दुसऱ्या पुरोहितांचें जूं घेण्यासाठीं नव्हे. देवाच्या वचनाची आज्ञा मानणें ही एक गोष्ट, आणि धर्मगुरूची आज्ञा पूर्णपणें मानणें ही अगदीं निराळी. सिस्टर जेराल्डिनच्या उत्तरांत क्रोधापेक्षां भीति अधिक दिसते. हा स्वतंत्रपणा म्हणजे स्वतःच्या इच्छेलाच देवाची आज्ञा म्हणणें होय, असा तिचा आक्षेप. वाचकहो, हा आक्षेप पोरकट नाहीं. रमाबाईंचा कैवार घेणाऱ्या आधुनिक लेखकांनीं या बाईस उगाच खलनायिका केलें आहे. मनुष्याच्या अंतःकरणांत देवाचा आवाज व स्वतःचा आवाज यांची गल्लत सहज होते, हें तिला ठाऊक होतें. आणि हीं सर्व पत्रें जपून, जुळवून ठेवण्याची सचोटीही तिनेंच दाखविली. १९७७ सालीं तीं आपल्या राज्याच्या साहित्य संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केलीं, म्हणून आज आपण दोन्ही बाजू ऐकूं शकतों.

अमेरिकेंतून मदतीचें वचन घेऊन रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस त्यांनीं शारदासदन उघडलें. पुढच्या सालीं तें पुण्यास आलें. अट अशी कीं, सदनांत ख्रिस्ती धर्माचें शिक्षण द्यावयाचें नाहीं. प्रत्येकीनें आपला आचार पाळावा. सल्लागार मंडळांत रानडे, भांडारकर यांच्यासारखे पुरुष होते. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा पुढें धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला, यावरून त्या कामाची योग्यता ध्यानांत यावी. परंतु याच काळांत, १८९१ च्या सुमारास, हॅस्लम नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त वाचतां वाचतां रमाबाईंना असें वाटूं लागलें कीं, आपण ख्रिस्ती धर्म घेतला पण ख्रिस्त घेतला नाहीं. त्यानंतरची त्यांची प्रार्थना निराळी झाली. त्या खोलीचें दार उघडें ठेवून प्रार्थना करीत. मुली येऊन बसूं लागल्या. त्यांना हांकलून द्या, असें सांगण्यांत आलें, आणि रमाबाईंनीं तें नाकारलें. 'केसरी'नें रान उठविलें. १८९३ सालीं मंडळानें राजीनामे दिले, आणि बऱ्याच पालकांनीं मुली काढून नेल्या.

येथें आम्ही दोन्हीकडे हात राखून बोलणार नाहीं. अटीचीं अक्षरें रमाबाईंनीं मोडलीं नाहींत; पण बालविधवांना जगांत जिच्याशिवाय कोणी नाहीं अशा बाईच्या खोलीचें उघडें दार म्हणजे नुसतें दार नव्हे, हें त्यांच्यासारख्या चतुर स्त्रीस कळत नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. रानडे-भांडारकरांनीं पालकांना शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द पाळणें हेंही धर्माचेंच अंग आहे. रमाबाईंस मात्र दार लावून घेणें हें शौलाच्या मेंढरांसारखें वाटलें असावें: थोडेंसें मागें ठेवणें, तेंही चांगल्या कामासाठीं! त्यांनीं संस्था बुडण्याचा धोका पत्करला. त्यांचें करणें आम्हांस पूर्ण न्याय्य वाटत नाहीं. परंतु त्यांत लबाडी नव्हती, याविषयीं आमची खात्री आहे.

अमेरिकन मंडळाची मदत दहा वर्षांच्या बोलीची, १८९८ पर्यंतची. पुढची तजवीज म्हणून केडगांव स्टेशनाजवळ जमीन घेतलेली होती. फळझाडें लावावीं आणि उत्पन्नावर सदन चालवावें, एवढाच बेत. इतक्यांत १८९६ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतील बातम्या ऐकून रमाबाईंस आपलें बाळपण आठवलें. तरी त्या लगेच निघाल्या नाहींत. पैसा नाहीं, माणसें नाहींत, प्रकृति धड नाहीं. त्यांनीं हें सारें मोजलें, आणि मोजून झाल्यावर गेल्या. तेथील केंद्रांतून सांपळे झालेल्या मुली व स्त्रिया त्यांनीं उचलून आणल्या. पुण्यांत प्लेगचा कडक बंदोबस्त. शहरांत ठेवण्यास मनाई. तेव्हां केडगांवच्या उघड्या रानांत तंबू व झोंपड्या उभ्या राहिल्या, आणि त्यांतून 'मुक्ति' उभी राहिली. १९०० सालीं गुजरातेंत दुष्काळ पडला, तेव्हां तेथूनही शेंकडों मुली आल्या. रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

या ठिकाणीं 'पूर्ण आज्ञापालन' या शब्दाचा अर्थच पालटला असें आम्हांस वाटतें. तोंवर तो शब्द रमाबाईंच्या हातांत ढाल होता. देवाची आज्ञा मानतें म्हणून तुमची मानीत नाहीं, असें त्यांना सांगतां येत होतें. आतां तोच शब्द त्यांच्या मानेवर आला. आज्ञा म्हणजे दोन हजार तोंडांचें दोन वेळचें धान्य. विहिरीला पाणी लागेतों खणणें. खरजेनें भरलेल्या मुलीस न्हाऊं घालणें. विणकाम, तेलाचा घाणा, गोठा, शेती, छापखाना, सारें मुली चालवूं लागल्या. समाजानें टाकलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन झालें, वृद्धांसाठीं प्रीतिसदन झालें. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपि शिकवूं लागल्या. पैशासाठीं ठरलेलें असें कोणतेंच मंडळ पाठीशीं नव्हतें; मागावयाचें तें देवापाशीं, असा नेम. जिला तरुणपणापासून कानानें कमी ऐकूं येई, त्या बाईनें एवढा संसार केवळ एका न ऐकूं येणाऱ्या आवाजाच्या भरंवशावर मांडला होता.

पण मग सिस्टर जेराल्डिनचा जुना प्रश्न केडगांवच्या फाटकांतून आंत आला. जिनें कोणाही मनुष्याची आज्ञा देवाची म्हणून मानली नाहीं, तिच्या घरांत दोन हजार जणी कोणाची आज्ञा मानीत होत्या? त्या दुष्काळांतून आलेल्या. परत जावें तर कोठें जावें? बाई जेवूं घालतात, बाई शिकवितात, बाई प्रार्थना करतात. अशा ठिकाणीं बाईंची इच्छा आणि देवाची इच्छा यांत भेद करणें एखाद्या दहा वर्षांच्या पोरीला कसें साधावें? १९०५ च्या जूनअखेर मुक्तींत धर्मजागृतीची मोठी लाट उठली. मुली मोठ्यानें रडत, पापें कबूल करीत, धडे सोडून प्रार्थनेस बसत. त्या लाटेंत खरें किती आणि देखादेखीचें किती, हें त्या काळच्या मिशनऱ्यांतही वादाचें होतें. रमाबाईंनीं ती थोपविली नाहीं. मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूनें नोंदविली पाहिजे. खेडोपाडीं सांगण्यास जाण्याची वेळ आली, तेव्हां त्यांनीं नांवें ठरवून कामगिरी वांटली नाहीं. ज्यांना जावेंसें वाटतें त्यांनीं पुढें यावें, असें विचारलें, आणि आरंभीं सुमारें तीस जणी पुढें आल्या. शेंकडों जणी मागेंच राहिल्या, हेंही तितकेंच बोलकें आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनीं केली, आणि आमच्या समजुतीप्रमाणें जेराल्डिनबाईस खरें उत्तर तें होय. पन्नाशीच्या आसपास त्यांनीं हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास आरंभिला आणि सगळ्या बायबलाचें मराठी भाषांतर एकटीनें करावयास घेतलें. बायबल सोसायटीचें भाषांतर होतेंच. मग हा खटाटोप कां? त्यांचें म्हणणें असें कीं, चालू भाषांतरांतील पंडिती संस्कृत शब्द खेड्यांतल्या बाईस कळत नाहींत, आणि कित्येक शब्दांना जुन्या तत्त्वज्ञानाचा वास येतो. जिच्या संस्कृताला कलकत्त्याच्या पंडितांनीं मान तुकविली, तिनें संस्कृत गाळून लिहावें! साहित्यदृष्ट्या या भाषांतरांत खडबडीतपणा आहे. कोठें कोठें मूळ शब्दाला इतकें धरलें आहे कीं मराठी वाक्य लंगडतें. परंतु १८८५ च्या पत्राशेजारीं हें भाषांतर ठेवून पाहावें. आज्ञा मानावयाची ती धर्मगुरूची नव्हे, वचनाची, असें जिचें म्हणणें होतें, तिनें ज्या मुलींना आपली आज्ञा मानावी लागते त्यांच्या हातीं तें वचन त्यांना समजेल अशा बोलींत देणें, म्हणजे बाई सांगतात तें वचनांत आहे कीं नाहीं हें ताडून पाहण्याचें साधन त्यांच्याच हातीं देणें होय.

हें काम पंधराएक वर्षें चाललें. १९१९ सालीं सरकारनें कैसर-इ-हिंद पदक दिलें. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई मिरजेच्या इस्पितळांत वारल्या. संस्था जिच्या हातीं सोंपवावयाची ती मुलगी आईच्या आधीं गेली. रमाबाई पुन्हां मुद्रितें तपासावयास बसल्या. काम पुरें होईतों दहा दिवसांचें आयुष्य त्यांनीं देवापाशीं मागून घेतलें होतें, अशी आठवण सांगतात. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटेस त्यांचा अंत झाला. भाषांतर चर्चांतून रूढ झालें नाहीं. तेथें सोसायटीचेंच चालूं राहिलें. पण तें केडगांवास मुलींनींच जुळविलें, मुलींनींच छापलें. आणि त्या जुळारणींपैकीं कित्येकी अशा होत्या कीं, दुष्काळांतून त्या फाटकांत आल्या त्या दिवशीं त्यांना अक्षरओळखही नव्हती.